‘नुसतं बघून घेऊ’ म्हणताना

पत्राचा सारांश: हे पत्र साताऱ्यातल्या एका शिक्षिकेचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांच्या वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणतात. वय ६६, एसटीतून निवृत्त, दहा वर्षांपासून मधुमेह. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा अर्धा चढ चढायची सवय. गेल्या सहा महिन्यांपासून चढावर छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की तीन-चार मिनिटांत जातं. सपाटीवर, घरात, झोपेत काही नाही, आणि त्रास वाढलेलाही नाही. टीएमटी, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून घेतलेली ईसीजी तपासणी, साडेसात मिनिटांनी थांबवली, रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ६० टक्के, म्हणजे व्यवस्थित. पुण्यातल्या एका रुग्णालयात सांगितलं, “छातीत टाइम बॉम्ब घेऊन फिरताय, सोमवारी अँजिओग्राफी करू, लागलं तर तिथल्या तिथे स्टेंट टाकू.” (अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या नसांपर्यंत बारीक नळी नेऊन, डाय म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध सोडून घेतलेलं चित्र. स्टेंट म्हणजे अरुंद नस उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी.) पुण्यातला भाऊ म्हणतो, पॅकेज आहे, करून टाकू. अण्णा म्हणतात, मला काही झालेलं नाही, आधी गुडघ्याचं ऑपरेशन करा. गावातले फॅमिली डॉक्टर म्हणतात, आधी औषधं सुरू करू. ताईंचा प्रश्न असा: “नुसतं बघून घेण्यात काय वाईट आहे? आणि नाही केलं, उद्या काही झालं, तर मी भावाला आणि स्वतःला काय तोंड दाखवू?”

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ‘नुसतं’ या शब्दापाशी अडखळले. नुसती साडी बघायला दुकानात गेलेलं माणूस रिकाम्या हाताने घरी येतं का, हे मी तुम्हाला सांगायला नको. कॅथलॅबचं, म्हणजे अँजिओग्राफी जिथे करतात त्या खोलीचंही बरंचसं तसंच आहे. त्यावर मी येतेच.

पण हे सदर घाईत वाचणारेही असतात, म्हणून आधी त्यांच्यासाठी. बसल्या जागी छातीत दुखायला लागलं, पंधरा-वीस मिनिटं थांबेना, दरदरून घाम फुटला, दम लागला, किंवा जे दुखणं आजवर चढावर यायचं ते आता बाथरूमपर्यंत जातानाही यायला लागलं, तर पुढचं काही वाचू नका. १०८ लावा आणि मोठं रुग्णालय गाठा. हार्ट अटॅकमध्ये अँजिओग्राफी आणि लगेच अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने नस उघडून बहुधा स्टेंट टाकणं, जीव वाचवते, यात आता वाद उरलेला नाही. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत नस उघडावी, असा तिथला दंडक आहे. तिथे सेकंड ओपिनियन घेत बसणं म्हणजे घर पेटलेलं असताना विहीर कुठे खणावी यावर चर्चा करणं.

अण्णांचं चित्र वेगळं आहे. ठरावीक श्रमाला येणारं, थांबल्यावर जाणारं, महिनोन् महिने त्याच पायरीवर राहिलेलं दुखणं. याला डॉक्टर स्थिर अंजायना म्हणतात. हा आजार खरा आहे, अण्णांच्या “मला काही झालेलं नाही” यावर विश्वास ठेवू नका. एसटीच्या स्टिअरिंगवर आयुष्य काढलेल्या माणसाला गाडी बंद पडेपर्यंत ती ठीकच वाटते. पण खरा असला तरी त्याला सोमवारची घाई नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि तुमच्या घरात नेमकं हेच कुणाच्या पचनी पडत नाहीये.

आता त्या बॉम्बबद्दल. आपल्या डोक्यात हृदयाच्या नसेचं चित्र नळाच्या पाइपासारखं असतं. गाळ साचत जातो, ७० टक्के होतो, ९० टक्के होतो, मग एक दिवस पाइप तुंबतो आणि अटॅक येतो. म्हणून गाळ काढला की धोका गेला. चित्र सोपं आहे, पण बरंचसं चुकीचं. पुष्कळदा अटॅक येतो तो नसेच्या भिंतीत साठलेला चरबीचा मऊ थर फाटून, त्यावर अचानक रक्ताची गुठळी बसल्यामुळे. तो थर ४० टक्क्यांचाही असू शकतो. स्टेंट एका जागेचं अरुंदपण घालवतो, पण बाकीची सगळी नस तशीच राहते. ती सांभाळतात कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, बीपी-शुगरचा ताबा, तंबाखू सोडणं आणि चालणं. कंटाळवाणी यादी आहे, कबूल. हिचं पॅकेज कुणी काढत नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, मोजून पाहिलेलं आहे. २००७ साली ‘करेज’ नावाच्या अभ्यासात अशाच स्थिर त्रासाचे २,२८७ रुग्ण घेतले. निम्म्यांना उत्तम औषधं, निम्म्यांना तीच औषधं अधिक अँजिओप्लास्टी. मृत्यू आणि अटॅक यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्यावर हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, ठीक आहे, पण ज्यांची टीएमटीसारखी तपासणी बऱ्यापैकी खराब आहे त्यांचं काय? म्हणजे अण्णांसारख्यांचं. मग ‘इस्केमिया’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते आणि भारतातलेही पुष्कळ होते. एका गटाला सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि लागेल तसं स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला आधी औषधं आणि भागलं नाही तरच अँजिओग्राफी. २०२० साली निकाल आला. सव्वातीन वर्षांच्या आसपास पाठपुरावा केल्यावर पहिल्या गटात मृत्यू १४५, दुसऱ्यात १४४. हा आकडा मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला होता.

मात्र त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही एकाच बाजूचं पॅकेज विकते आहे असं होईल. ज्यांना आठवड्यातून अनेकदा दुखायचं, त्यांना स्टेंट किंवा बायपासनंतर खरोखर बरं वाटलं, औषधांपेक्षा जास्त. २०२३ साली ब्रिटनमध्ये आणखी एक प्रयोग झाला. त्यात काही रुग्णांना स्टेंट टाकला आणि काहींना नुसता टाकल्यासारखं केलं. कुणाला काय झालं ते रुग्णाला माहीत नव्हतं. तिथेही खऱ्या स्टेंटवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही. स्थिर त्रासात तो आराम देणारा उपचार आहे, आयुष्य वाढवणारा म्हणून त्याच्याकडे पाहू नये. मग प्रश्न बदलतो. अण्णांना आज चढावर थांबावं लागतं तेवढं सोडून काही त्रास नाही, आणि त्यावरची एकही गोळी त्यांनी अजून घेतलेली नाही. जो आराम दोन गोळ्यांनी मिळायची चांगली शक्यता आहे, त्यासाठी सोमवारीच टेबलावर झोपायचं का?

आता ‘नुसतं बघणं’. ही तपासणी जन्मली तीच मुळात चुकीतून. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. मेसन सोन्स यांच्या टेबलावरच्या एका रुग्णाच्या उजव्या हृदयवाहिनीत नळीतून डाय चुकून थेट शिरला. हृदय क्षणभर थबकलं, रुग्ण खोकला, ठोके पुन्हा सुरू झाले, आणि हृदयाच्या नसांचं चित्र असं घेता येतं हे कळलं. पुढची जवळपास वीस वर्षं ती खरोखर नुसती बघण्याचीच तपासणी होती. जे दिसेल ते घेऊन लोक घरी यायचे आणि बायपासचं काय ते महिनाभर विचार करून ठरायचं. १९७७ साली झुरिकला डॉ. आंद्रेयास ग्रुएन्झिग यांनी त्याच वाटेनं फुगा नेऊन नस उघडली, आणि बघणं अन् करणं यांच्यामधला तो महिना नाहीसा झाला. अटॅकच्या रुग्णासाठी हे वरदान आहे. अण्णांसारख्यांचं मात्र त्या नाहीशा झालेल्या महिन्यातच भलं होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चौदा वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना अशीच ‘नुसती’ अँजिओग्राफी करायला नेलं. मी स्वतः डॉक्टर, आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतलेली. वीस मिनिटांत मला काचेपाशी बोलावलं. स्क्रीनवर काळीपांढरी नस, तिच्यावर एका बोटाची खूण. “मॅडम, बघा, इथे ८०. आत आहोतच तर करून टाकू?” मी हो म्हटलं आणि सही केली. माझ्या यजमानांना कुणी विचारलं नाही. ते तर जागे होते! अँजिओग्राफीत माणूस पूर्ण शुद्धीत असतो, फक्त मनगट बधिर केलेलं असतं. स्टेंटमुळे त्यांचं वाईट झालं नाही. पण तो लागणार होता का, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्या काचेपाशी मी डॉक्टर नव्हते, घाबरलेली बायको होते, एवढं पक्कं सांगता येतं. उद्या तुमचा भाऊ त्याच काचेपाशी असेल.

म्हणून हे माहीत असू द्या. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठी दिलेली संमती धरता येत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तरच अपवाद. ते प्रकरण हृदयाचं नव्हतं. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचं गर्भाशय तिच्या आईची सही घेऊन काढलं होतं. पण तत्त्व तेच. अण्णांच्या फॉर्मवर ‘अँजिओग्राफी आणि गरज पडल्यास अँजिओप्लास्टी’ असं एकाच ओळीत छापलेलं असेल, तर दुसरा अर्धा भाग खोडून सही करायचा अण्णांना हक्क आहे. यात भांडण काही नाही. “जे दिसेल त्याची सीडी आणि रिपोर्ट द्या, आम्ही आठवड्याने येतो” असं शांतपणे आधीच सांगून ठेवायचं. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

अण्णांच्या बाबतीत हा आठवडा आणखी एका कारणाने मोलाचा आहे. त्यांना मधुमेह आहे. मधुमेही माणसाच्या दोन-तीन नसांत अडथळे निघाले, तर बायपासने स्टेंटपेक्षा जास्त आयुष्य मिळतं, हे २०१२ सालच्या १,९०० मधुमेही रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे नेमकं ज्या वेळी स्क्रीनवर सगळ्यात जास्त घाबरवणारं चित्र दिसेल, त्याच वेळी ‘आत आहोतच तर’ म्हणून स्टेंट टाकणं चुकीचं ठरू शकतं. तिथे सर्जनशी बोलायला हवं, आणि सर्जन काही काचेपाशी उभा नसतो.

तपासणीचा स्वतःचा धोकाही असतो, पण त्याचा बाऊ करू नका. अनुभवी हातात अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू असं गंभीर काही हजारात एक-दोघांना होतं. मनगटातून केली तर रक्तस्रावही कमी. मधुमेह्यांत डायचा भार मूत्रपिंडावर येतो, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, आधी बघायची, आणि शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर ती थांबवायची का, हे विचारायचं. धोका एवढाच असता तर मी ‘करा’ म्हटलं असतं. पण खरा प्रश्न पुढच्या साखळीचा आहे, आणि तुम्ही ज्याचा उल्लेख पत्राच्या शेवटी एका ओळीत केलाय तो गुडघाही तिथेच येतो. स्टेंट टाकला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने चालू ठेवाव्या लागतात आणि मध्येच थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. तोवर गुडघा पुढे ढकलायचा. मग चालणं कमी, वजन आणि शुगर वाढणार. अण्णांचा हट्ट वाटतो तेवढा अडाणी नाही. मात्र छातीचं काहीच न बघता गुडघ्याची भूल द्यायला कुठलाही भूलतज्ज्ञ राजी होणार नाही, आणि होऊही नये.

मग करायचं काय? मी अण्णांना तपासलेलं नाही, त्यामुळे हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला घेऊन जा, त्यांच्या जागी ठेवू नका.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांचं बरोबर आहे. औषधं आजच सुरू व्हायला हवीत, अँजिओग्राफी करा किंवा करू नका. अ‍ॅस्पिरिन, चांगल्या मात्रेत स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, नाडी मंद ठेवणारी एक गोळी, लागलं तर जोडीला दुसरी, आणि खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. ती बसून घ्यायची, उभ्याने नाही, चक्कर येते. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली, जमलं तर ५५ च्याही खाली आणायचं. या मात्रा रुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत “गोळ्यांनी काही होत नाही” असं ठरवू नका.

आणि बघायचंच असेल, तर हात न घालता बघायची सोय आहे. सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून डाय देऊन सीटी मशीनवर नसांचं चित्र घेतात, हृदयात नळी जात नाही. ‘इस्केमिया’तही बहुतेकांचा सीटी आधी काढला होता, त्याचं मुख्य कारण एक होतं: डाव्या बाजूच्या मुख्य नसेत, जिला लेफ्ट मेन म्हणतात, मोठा अडथळा तर नाही ना? तो असेल तर ‘आधी औषधं’ हा हिशेब लागू होत नाही, त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. तेव्हा तुमच्या “काही राहून गेलं तर” या भीतीला खरं उत्तर इथे आहे. युरोपात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थिर छातीदुखीच्या साडेतीन हजारांवर लोकांपैकी काहींची सुरुवात सीटीने केली, काहींची थेट नळीच्या अँजिओग्राफीने. पुढच्या काही वर्षांत अटॅक-मृत्यूंत ठळक फरक नाही. तपासणी-उपचारांच्या मोठ्या गुंतागुंती मात्र सीटी गटात ०.५ टक्के, दुसऱ्यात १.९ टक्के. त्या लोकांचा धोका अण्णांपेक्षा कमी होता, हेही खरं. आणि सीटीलाही डाय लागतो. शिवाय नसांत कॅल्शियम फार साठलं असेल तर चित्र धूसर येतं, नाडी फार वेगात असेल तरीही. मधुमेह्यांत कॅल्शियम असतंच, म्हणून सीटीवर ‘७० टक्के’ लिहून आलं की हातपाय गाळू नका. त्या यंत्राला थोडं वाढवून सांगायची सवय आहे.

आता उलट बाजू. पुढचं काही असेल तर मी स्वतः म्हणेन, नळीची अँजिओग्राफी करा आणि चालढकल करू नका. टीएमटी पहिल्या तीन मिनिटांतच बिघडली असती, किंवा चालताना बीपी वाढायच्या ऐवजी घसरलं असतं. पंपिंग ३५ वर आलं असतं. सीटीत लेफ्ट मेनमध्ये मोठा अडथळा दिसला. किंवा दोन महिने दोन-तीन गोळ्या नीट घेऊनही अण्णांना त्यांचा चढ चढता येत नाही आणि त्यांना तो चढायचाच आहे. हे शेवटचं कारण लोकांना क्षुल्लक वाटतं. मला ते सगळ्यात रास्त वाटतं, कारण त्यात रुग्णाला काय हवं आहे ते तरी माहीत असतं. ‘इस्केमिया’तल्या औषधांच्या गटातही चार वर्षांत साधारण पाचातल्या एकाला स्टेंट किंवा बायपास लागलाच. औषधांनी सुरुवात केली म्हणजे दार बंद झालं, असं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांना मी खलनायक करत नाही. आमच्या पेशात न केलेल्या तपासणीबद्दल कोर्टात खेचतात, केलेल्या जादा तपासणीबद्दल कुणी हार घालत नाही की खडसावत नाही. त्यामुळे त्यांना दुसरी भेट मागा, सोमवारची नव्हे, बोलण्याची. अण्णांना सोबत न्या आणि बोलू द्या. “अँजिओग्राफीत काय निघालं तर तुम्ही काय कराल, आणि काही निघालं नाही तर काय कराल?” हा एक प्रश्न विचारलात तरी पुष्कळ झालं. दोन्हीचं उत्तर “गोळ्या” असेल, तर नळी कशासाठी घालायची हे त्यांनाच विचारा. अडथळा ५० ते ८० टक्क्यांच्या मधला निघाला तर प्रेशर वायरने मोजणार का, नुसत्या डोळ्याने ठरवणार, हेही विचारा. ती बारीक तार अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजते, आणि गुणोत्तर ०.८० च्या वर असेल तर त्या अडथळ्याला सहसा हात लावत नाहीत. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडलाच, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

राहिला तुमचा भाऊ. तो पॅकेजमागे लागलाय असं तुम्हाला वाटतं, मला तसं वाटत नाही. शंभर किलोमीटरवरून वडिलांची काळजी करणाऱ्या मुलाला रोज गोळी दिली का हे बघता येत नाही, एक सोमवार मात्र रजा टाकून पार पाडता येतो. त्याला करायला काहीतरी द्या. दर रविवारी अण्णांना फोन करून बीपी-शुगरचे आकडे लिहून घेणं त्याच्याकडे सोपवा. आणि “काही झालं तर” हा प्रश्न तुम्ही एकाच बाजूने विचारताय. स्टेंट टाकताना काही झालं असतं, तर तुम्ही दोघं कुणाला तोंड दाखवणार होतात? अण्णा शुद्धीत आहेत, हिशोबी आहेत. निर्णय त्यांचा आहे, आणि त्यांनी समजून घेतला तर ओझंही निम्मं त्यांचं.

सध्या त्यांना पूर्ण चढ बंद करू देऊ नका, पण वेग कमी करायला लावा, आणि जेवल्यावर किंवा कडाक्याच्या थंडीत नको. एक छोटी वही द्या. एसटीत लॉगशीट भरायची सवय आहेच त्यांना. कुठल्या वळणावर थांबावं लागलं, किती मिनिटं, गोळी ठेवावी लागली का, एवढंच रोज एका ओळीत. थांबायची जागा खाली-खाली सरकायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि सहा आठवड्यांनी ती वही घेऊन, मला पत्र लिहा.